शेजारची जागा

(मार्च २०२१)

आग्रही : वहिनी, विमानाच्या वेळा मी बघून ठेवल्या आहेत. पुण्याच्या धावपट्टीचं काम चालू असल्यामुळे रात्री आठ ते सकाळी आठ उड्डाणं बंद आहेत, तेव्हा दिवसाचं जे मिळेल ते घ्यावं लागेल. आई शहात्तर वर्षांची, त्यात मधुमेह, गुडघे धरलेले, आणि गेलं वर्षभर ती नागपुरात एकटी आहे. १५ मार्चपासून तिथे पुन्हा कडक टाळेबंदी लागली आहे. तिला आता पुण्याला आणायचं, यावर आपलं दुमत नाही. प्रश्न आहे तो कशाने आणायचं एवढाच, आणि त्याचं उत्तर मला तरी स्वच्छ दिसतं. कोविड मुख्यतः हवेतून पसरतो. गेल्या जुलैत २३९ शास्त्रज्ञांनी एकत्र पत्र लिहून हेच सांगितलं होतं. एकदा ते मान्य केलं की दोन गोष्टी मोजायच्या : आपण बसतो तिथली हवा किती वेळा बदलते, आणि तिथे आपण किती वेळ बसतो. विमानातली हवा तासाला वीस ते तीस वेळा बदलते. त्यातली साधारण निम्मी बाहेरून येते, उरलेली हेपा फिल्टरमधून गाळून परत सोडतात. ०.३ मायक्रॉन एवढे बारीक कणसुद्धा हा फिल्टर ९९.९७ टक्के अडवतो. हवा डोक्यावरून येते आणि पायाशी शोषली जाते; विमानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ती वाहत नाही. आणि अशा हवेत आईला बसायचंय दीड तासाच्या आत-बाहेर. रेल्वेने हाच प्रवास चौदा-पंधरा तासांचा. दहापट वेळ, आणि बंद डब्यातली हवा. हे गणित मांडल्यावर आणखी काय तोलायचं राहतं, ते मला कळत नाही.

साशंक : दीड तास हा विमान आकाशात असतं तेवढा वेळ झाला, भावजी. आईंचा प्रवास त्यांच्या उंबरठ्यापासून आपल्या उंबरठ्यापर्यंतचा आहे. नागपूरच्या घरून निघाल्या की आधी टॅक्सी. चालक अनोळखी, आणि उन्हामुळे काचा वर. मग विमानतळावर दोन तास आधी पोचायचं. दाराशी ओळखपत्र, सामानाची रांग, सुरक्षा तपासणीची रांग. तिथे बूट, पट्टा, मोबाइल ट्रेमध्ये टाकताना माणूस माणसाच्या किती जवळ येतो ते तुम्ही पाहिलं आहे. मग विमानापर्यंत नेणारी बस आली तर तीत सगळे उभे, एकाच दांड्याला धरून. यातल्या कुठल्याही ठिकाणी तुमचा हेपा फिल्टर नाही. तो असतो विमानात, आणि तोही सगळ्या विमानांत असतोच असं नाही; लहान पंख्याच्या विमानांची तऱ्हा वेगळी असू शकते. आपल्या मार्गावर त्या दिवशी कुठलं विमान लावलं आहे, ते तुम्ही बघितलं का? विमान जमिनीवर उभं असतानाही हवा आकाशातल्याइतकी खेळती राहील याची खात्री नसते. आणि नेमक्या त्याच वेळी, चाकं टेकल्याबरोबर, सगळे उठून मधल्या वाटेत खांद्याला खांदा लावून उभे राहतात, डोक्यावरचे कप्पे उघडतात. वीस ते तीस वेळा बदलणाऱ्या हवेचा आकडा खरा असेल. पण तो प्रवासाच्या सर्वांत सुरक्षित तुकड्याचा आकडा आहे, आणि तुम्ही तो सगळ्या प्रवासाला लावता.

आग्रही : मान्य, उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत मोजू. पण मग तोच नियम रेल्वेलाही लावा. स्टेशनपर्यंत टॅक्सी आहेच. फलाट उघडा असतो हे खरं, पण गाडी लागली की दारातली रेटारेटी काही वेगळी नसते. आत गेल्यावर तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्यात एका कप्प्यात आठ बर्थ; सहा समोरासमोर, दोन बाजूचे. उरलेल्या सात जणांबरोबर संध्याकाळपासून सकाळपर्यंत राहायचं. दौंड, नगर, मनमाड, जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा : प्रत्येक ठिकाणी कोणी उतरणार, कोणी चढणार. विमानात निघताना जे बसले तेच शेवटपर्यंत असतात, रेल्वेत शेजारी बदलत जातात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झोप. दीड तास आई मास्क नीट लावून बसेल, एक घोट पाणीही पिणार नाही, एवढं मी तिच्याकडून करवून घेऊ शकतो. पण चौदा तासांत तिला दोनदा खायला हवं, मधुमेहाच्या गोळ्या घ्यायला हव्यात, आणि रात्री सात-आठ तास झोपायला हवं. झोपेत मास्क कुणाच्याच तोंडावर राहत नाही. कप्प्यातली आठही माणसं एकाच वेळी मास्कशिवाय, एकाच हवेत, रात्रभर श्वास घेत पडलेली असतात. विमानतळावरच्या रांगेत माणसं जवळ येतात, पण जागी असतात, मास्क लावलेली असतात, आणि दहा मिनिटांत पुढे सरकतात.

साशंक : झोपेचा मुद्दा बिनतोड आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि मी ते शोधतही नाही. पण तुम्ही गृहीत धरलंत की रेल्वे म्हणजे वातानुकूलित डबा. मी म्हणते ती रेल्वे स्लीपरची, खिडक्या उघडणारी. गाडी ताशी ऐंशी किलोमीटरने धावते आहे आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या आहेत, तेव्हा त्या डब्यातली हवा तासाला किती वेळा बदलते, याचा आकडा कुठल्या माहितीपत्रकात छापलेला नसतो. कारण खिडकी कोणी विकत नाही. फिल्टर विकला जातो, म्हणून त्याची टक्केवारी आपल्याला पाठ असते. आपल्या आजोबांच्या पिढीला हे शिकवावं लागत नव्हतं. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या आरोग्यधामांत रोग्याला काय द्यायचे? मोकळी हवा, ऊन, विश्रांती. वातानुकूलित डब्याबद्दल रेल्वेलाही शंका होतीच. नाहीतर तिने पडदे काढले नसते, ब्लँकेट आणि चादरी बंद केल्या नसत्या, आत ताजी हवा जास्त घेण्याची व्यवस्था केली नसती. एरवी ज्या डब्याला आपण खालचा म्हणतो, त्याची हवा या एका वर्षात वरच्या डब्यापेक्षा चांगली ठरली. आणि सध्या सगळ्याच गाड्या विशेष म्हणून धावतात, शून्याने सुरू होणाऱ्या नंबरांच्या. आरक्षणाशिवाय कोणाला चढता येत नाही, साध्या बसायच्या डब्यातसुद्धा. स्लीपरच्या वाटेत वर्तमानपत्र पसरून बसणारी ती नेहमीची गर्दी तिथे आज नाही.

आग्रही : दुपारी दोन वाजता तुमचं म्हणणं खरं आहे. रात्री दोन वाजता नाही. मनमाडच्या पुढे गार वारा लागला की पहिली खिडकी खाली येते, मग दुसरी. भुसावळपर्यंत सगळ्या झडपा बंद असतात. कुणी उघडी ठेवायला गेलंच तर समोरच्या बर्थवरून आवाज येतो, आणि तो चुकीचा नसतो. त्याच्याजवळ लहान मूल असतं. म्हणजे तुमची मोकळी हवा आठ जणांच्या संमतीवर अवलंबून आहे. विमानातली हवा कुणाच्या संमतीवर अवलंबून नसते. शहात्तर वर्षांच्या बाईला धूळ, रात्रीचा वारा, हलत्या डब्यातून दोनदा-तीनदा स्वच्छतागृहापर्यंत चालणं, हे सगळं सोसवेल का, हाही प्रश्न आहेच. स्वतःच्या मोटारीचाही विचार मी करून पाहिला. सातशे किलोमीटरच्या वर अंतर, तेरा-चौदा तास पाय दुमडून बसणं तिला जमायचं नाही, आणि रात्रीच्या रस्त्यावरचा अपघात हाही धोकाच. आता रेल्वेबद्दल एक प्रत्यक्ष पुरावा देतो. चीनमध्ये साथीच्या पहिल्या महिन्यांत वेगवान रेल्वेंनी प्रवास केलेल्या दोन हजारांवर रुग्णांचा आणि त्यांच्या आसपास बसलेल्या ७२,००० हून अधिक प्रवाशांचा माग काढला गेला. रुग्णाच्या पुढच्या-मागच्या तीन रांगांत बसलेल्यांना लागण होण्याचं सरासरी प्रमाण ०.३२ टक्के होतं. अगदी लागून बसलेल्यांना ३.५ टक्के. आणि सोबतीचा एकेक तास वाढेल तसं शेजाऱ्याचं प्रमाण १.३ टक्क्यांनी वाढत गेलं. वेळ हाच तिथला सगळ्यात मोठा दोषी होता. चौदाला १.३ ने गुणा.

साशंक : गुणता येत नाही, भावजी. तिथे माणसं बसून प्रवास करत होती, झोपून नाही. ते महिने डिसेंबर २०१९ ते मार्च २०२० चे, आणि त्यातल्या सुरुवातीच्या आठवड्यांत मास्कची सक्ती नव्हती. काहींचा प्रवास तासाभराचा, काहींचा सात-आठ तासांचा. चौदा तास त्यांनी मोजलेलेच नाहीत. पण त्याच अभ्यासातली एक गोष्ट तुम्ही वगळलीत. रुग्ण उतरून गेल्यावर त्याच आसनावर येऊन बसलेल्यांत लागण सापडली फक्त ०.०७५ टक्के. म्हणजे आसन पुसत बसण्यात आपण गेलं वर्ष घालवलं, ते फारसं कामाचं नव्हतं. घरातून निघताना फवारणी, विमानतळावर बॅगेवर फवारणी, हातमोजे, चेहऱ्यापुढे प्लास्टिकची ढाल, मधल्या सीटवर बसणाऱ्याला अंगभर गाऊन. मधली सीट रिकामी ठेवावी की नाही हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जूनमध्ये ती भरायला परवानगी मिळाली. गाऊनने त्या सीटवरच्या माणसाच्या श्वासाचं काय होतं? मी याला थोतांड म्हणत नाही, लोक घाबरले होते आणि काहीतरी करायला हवं होतं. पण दिसणारी सुरक्षितता आणि खरी सुरक्षितता यांतलं अंतर विमानात जास्त आहे. आणि विमानातल्या लागणीचेही माग लागले आहेत. मार्च २०२० मध्ये लंडनहून हनोईला गेलेल्या विमानात खोकला येत असलेली एक प्रवासी होती. तिच्यामुळे पंधरा जणांना लागण झाली असावी, असं तिथल्या तज्ज्ञांनी काढलं; त्यातले बारा जण बिझनेस क्लासमधले, जिथे दोन आसनांत ऐसपैस अंतर असतं. सप्टेंबरमध्ये दुबईहून ऑकलंडला गेलेल्या विमानातले सात जण पॉझिटिव्ह निघाले. त्यांपैकी पाच जणांकडे निघण्यापूर्वीचे निगेटिव्ह अहवाल होते. हेपा फिल्टर तिथेही होते.

आग्रही : तुम्ही सांगितलेली पहिली घटना दहा-अकरा तासांच्या प्रवासातली, दुसरी अठरा तासांच्या. पहिल्या विमानात मास्कची सक्ती नव्हती. दुसरं विमान वाटेत क्वालालंपूरला थांबलं तेव्हा अर्ध्या तासाच्या आसपास हवेची यंत्रणा बंद होती. दोन्हीकडे खाणं झालं, झोप झाली, मास्क निघाले. म्हणजे तुमचे दोन्ही पुरावे माझंच म्हणणं सांगतात. विमान बिघडतं ते रेल्वेसारखं लांबलं की. दीड तासाच्या उड्डाणात ते लांबत नाही.

साशंक : हे मला आधी दिसलं नव्हतं. तुमचं बरोबर आहे, आणि मी ते मान्य करते : जेवण नसलेला, झोप नसलेला, दीड तासाचा प्रवास ही वेगळीच जात आहे. पण त्या दोन घटनांतून मला दुसरं एक दिसतं, ते अजून कायम आहे. त्या कळल्या कशा? न्यूझीलंडने उतरणाऱ्या प्रत्येकाला चौदा दिवस वेगळं ठेवलं, पुन्हा पुन्हा तपासलं, प्रत्येकाच्या विषाणूची जनुकीय ओळख पटवली. तेव्हा कुठे ते सात जण एका सूत्रात बांधले गेले. व्हिएतनामने दोनशेवर माणसांपैकी बहुतेक सगळ्यांना शोधून काढलं. आपल्याकडे पुण्याहून नागपूरला गेलेल्या कुठल्या विमानाचा, कुठल्या गाडीचा असा माग कोणी काढला? अकोल्याला उतरलेला माणूस बाळापूरच्या वाटेला लागला की त्याचा पत्ता संपला. तेव्हा विमानप्रवासात फार थोड्यांना लागण झाली असं वाचलं की मला दिलासा वाटत नाही. जिथे शोधलं, तिथे सापडलं. जिथे शोधलंच नाही, तिथलं शून्य आपण मोजणीत धरू शकत नाही. रेल्वेचंही तेच. दोन्हींच्या बाबतीत आपण अंधारात आहोत, फक्त विमानाच्या अंधारात कुणीतरी काही आकडे ठेवून गेलं आहे.

आग्रही : पण अंधारात जो थोडा उजेड आहे, त्याच्याच बाजूने जायचं असतं ना? सरकारनेही तसंच केलं. नोव्हेंबरमध्ये दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्याहून महाराष्ट्रात येणाऱ्यांना आरटीपीसीआरचा निगेटिव्ह अहवाल सक्तीचा केला. विमानाने येणाऱ्याला अहवाल नसेल तर विमानतळावरच चाचणी, स्वतःच्या खर्चाने. विमानात बसलेला प्रत्येक जण नावानिशी माहीत असतो, त्याला अडवता येतं.

साशंक : आणि रेल्वेने येणाऱ्याला? तोच आदेश नीट आठवा. विमानासाठी अहवाल ७२ तासांच्या आतला, रेल्वेसाठी ९६ तासांच्या. विमानतळावर अहवाल नसेल तर चाचणी. स्टेशनवर अहवाल नसेल तर ताप आणि लक्षणं बघायची, लक्षण नसेल तर जा घरी. विषाणू रेल्वेत एक दिवस जास्त थांबतो म्हणून हा फरक केलेला नव्हता. स्टेशनवर उतरणाऱ्या एवढ्या माणसांची चाचणी करण्याची ताकद यंत्रणेकडे नव्हती, म्हणून केला. मी दोष देत नाही. पण जे नियम आपण धोक्याचं माप समजतो, ते पुष्कळदा यंत्रणेच्या ताकदीचं माप असतात. आणि इथेच मला तुमच्या गणिताची खरी अडचण वाटते. तुम्ही विचारता, आईंना कशात कमी धोका. तो प्रश्न विचारायची सोय आपल्याला आहे. सरकारने गेल्या मे महिन्यात विमानभाड्याचे पट्टे ठरवले, त्यात साठ ते नव्वद मिनिटांच्या उड्डाणाला कमीत कमी ३,००० आणि जास्तीत जास्त ९,००० रुपये होते. नंतर ते आणखी वाढले. रेल्वेने मात्र २० मार्च २०२० पासून ज्येष्ठांची सवलत काढून घेतली. अठ्ठावन्न वर्षांवरच्या बायकांना निम्मं भाडं होतं, ते गेलं. हेतू चांगला सांगितला गेला : म्हाताऱ्या माणसांनी उगीच फिरू नये. पण ज्या म्हातारीला जाणं भागच होतं, तिला घरात थांबवता आलं नाही, फक्त तिकीट दुप्पट पडलं. आणि ज्यांना तेही नव्हतं, त्यांचं काय झालं ते आपल्या मराठवाड्यातच घडलं. ८ मे २०२० ची पहाट. जालन्याहून रुळांच्या कडेने चालत निघालेले मध्य प्रदेशातले मजूर करमाडजवळ दमून रुळांवरच झोपले. भुसावळला श्रमिक गाडी मिळेल अशी आशा होती. गाड्या बंद आहेत, हीच त्यांची समजूत. मालगाडी आली, सोळा जण गेले. रेल्वे की विमान, असा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच. रूळ होते, आणि त्यावर गाडी नव्हती.

आग्रही : वहिनी, ते आठवलं की माझ्याही पोटात कालवतं. रुळांवर पडलेल्या भाकऱ्यांचा फोटो मी विसरलेलो नाही. पण एक विचारतो, राग मानू नका. आई विमानाने आली म्हणून त्या सोळा जणांवरचा अन्याय वाढतो का? ती रेल्वेने आली म्हणून कमी होतो का? मी मुलगा आहे. माझ्या हातात देश नाही, माझ्या हातात एक म्हातारी आहे आणि एक तिकीट आहे. देशाने काय करायला हवं होतं, हे मला कळतं. श्रमिक गाड्या १ मे ऐवजी महिनाभर आधी सुटायला हव्या होत्या. शेवटी त्यांनी साठ लाखांवर माणसं घरी पोचवलीच, म्हणजे ते अशक्य नव्हतं. पण ती चूक माझ्या आईच्या तिकिटावर फेडायची नाही. संकटात प्रत्येकाने आपलं माणूस सांभाळायचं, यात स्वार्थ आहे असं मला वाटत नाही.

साशंक : स्वार्थ नाहीच. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं. पण ‘आपलं माणूस सांभाळायचं’ म्हणूनच लोक नेहमी निघतात, आणि साथही नेहमी तशीच निघते. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर मुंबई सोडून लाखो माणसं आपापल्या गावी निघाली ती कशाने? रेल्वेने. आपापली बायकामुलं सांभाळायलाच ती निघाली होती. मग पुणं, मग बाकीचा दख्खन. त्यावर १८९७ चा साथरोग कायदा आला, तोच आपण गेल्या मार्चमध्ये काढून पुन्हा वापरला. त्या कायद्याने स्टेशनांवर प्रवाशांच्या काखा-जांघा चाचपल्या गेल्या, बायकांच्यासुद्धा, आणि पुण्यात त्याचा शेवट प्लेग अधिकारी रँड याच्या खुनात झाला. १९१८ चा इन्फ्लुएन्झा जूनमध्ये मुंबई बंदरात उतरला आणि रेल्वेच्या फाट्यांनी देशभर गेला. कोटीच्या वर माणसं त्यात गेली. प्रत्येक वेळी प्रवाशाने स्वतःला विचारलं होतं, मला काय होईल? माझ्यामुळे कुणाला काय होईल, हा प्रश्न डब्यात शिरतच नाही, कारण त्याचं उत्तर प्रवाशाला कधी कळत नाही. तो उतरून गेलेला असतो. विमानाने यावर एक नवी गोष्ट केली आहे : जे रेल्वे दोन दिवसांत नेत असे, ते ते दोन तासांत नेतं. आईंना दीड तासाचा धोका कमी वाटतो, पण पुण्याचा विषाणू नागपूरला दीड तासात पोचतो, हा त्याच विमानाचा दुसरा अर्थ आहे.

आग्रही : पण आपण पुण्याहून विषाणू न्यायला चाललेलो नाही, आईला आणायला चाललो आहोत.

साशंक : आईंना आणायला कोण जाणार आहे?

आग्रही : मी. ती एकटी कशी येईल?

साशंक : मग पुण्याहून निघणारे तुम्हीच. गेला महिनाभर तुम्ही रोज कामावर जाता आहात. रोजच्या आकड्यांत पुणे आज कुठे आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही सकाळी विमानाने नागपूरला जाणार, दुपारी आईंच्या हातचं जेवणार, रात्री त्यांच्या घरी राहणार, आणि दुसऱ्या दिवशी विमानात त्यांच्या शेजारी बसणार. मघाशी तुम्ही ३.५ टक्क्यांचा आकडा सांगितलात, रुग्णाला लागून बसलेल्यांचा. तेव्हापासून मी एकच विचार करते आहे. गाडीत माणसाच्या शेजारी कोण बसतं? नवरा, बायको, मुलगा, मित्र. तिकीट एकत्र काढलेलं असतं म्हणून जागा लागून मिळते. तो आकडा मला आता वाहनाचा आकडा वाटत नाही. निदान सगळा तरी नाही. त्यात घर आहे, एका ताटातलं खाणं आहे, स्टेशनवर येतानाची एक रिक्षा आहे. आईंच्या प्रवासात सगळ्यात धोक्याचं माणूस बडनेऱ्याला चढणारा कोणी अमरावतीकर नाही, ज्याला आपण फेब्रुवारीपासून बातम्या वाचून घाबरतो आहोत. ते तुम्ही आहात. किंवा तुमच्याऐवजी मी गेले, तर मी.

आग्रही : हे मी असं पाहिलं नव्हतं. मी हवा मोजत होतो, आणि ती हवा शेजाऱ्याच्या तोंडातून येते हे माहीत असून शेजारी म्हणून मला नेहमी परका माणूसच दिसत होता. थांबा, मग माझा प्रश्नच दोन प्रश्नांत फुटतो. जाताना आणि येताना. जातानाच्या प्रवासात आई नाही, मी एकटा आहे; पोचल्यावर लगेच तिला भेटलो नाही तर मी कशाने गेलो याला तिच्या दृष्टीने काहीच महत्त्व उरत नाही. दिवसाची गाडी मिळाली तर खिडकी उघडी टाकून स्लीपरने जाईन, नाहीतर विमानाने. महत्त्व आहे ते मधल्या दिवसांना. तिथे पोचून सात-आठ दिवस वेगळं राहायचं, चाचणी करायची, मग तिच्याजवळ जायचं. आणि येतानाचा प्रवास मात्र तिचा आहे. त्यात माझं पहिलं म्हणणं मी सोडणार नाही. जेवण नाही, झोप नाही, खिडकीची जागा तिला, मी मधे, म्हणजे वाटेने जाणाऱ्या-येणाऱ्यापासून ती लांब.

साशंक : येतानाचं तुमचं मी जवळजवळ मान्य करते. जवळजवळ एवढ्यासाठी, की तेव्हाही ती रांग आणि ती बस आहेच. सगळ्यांच्या शेवटी उतरा, आणि चाकांची खुर्ची आधी सांगून ठेवा, गुडघ्यांसाठीही आणि रांगेसाठीही. पण आता मला वेगळीच शंका येते. आठ दिवस थांबायचंच असेल, तर आणायचं कशाला? १ मार्चपासून साठीच्या वरच्यांना लस मिळते आहे. आईंना नागपुरातच पहिली मात्रा देता येईल. इथे आणून आपण त्यांना जास्त आकड्यांच्या शहरात, मुलं आणि कामावर जाणारी माणसं असलेल्या घरात ठेवणार. तिथे त्या एकट्या आहेत, पण त्यांच्या घरात बाहेरचा श्वास येत नाही.

आग्रही : बाहेरचा श्वास येत नाही, म्हणूनच तिला आणायचं आहे, वहिनी. फोनवर ती आता एकच गोष्ट दोनदा सांगते. पूर्वी असं नव्हतं. शेजारच्या काकू डिसेंबरात गेल्या, त्यांच्या अंगणापर्यंतही आईला जाता आलं नाही. एक वर्ष तिने माणसाचा स्पर्श अनुभवलेला नाही, आणि याचा आकडा तुमच्या कुठल्याच अभ्यासात नाही. लस तिथे घेऊ, हे पटतं. त्या आठ दिवसांतच केंद्रावर नंबर लावता येईल. पण नंतर तिला तिथेच ठेवून मी परत यावं, हे मला जमणार नाही. तो धोका कमी असेल, पण तो मला नको आहे.

साशंक : यावर मी काय बोलू? हे मलाही कळतं. गेल्या दिवाळीला त्यांनी व्हिडिओवर ओवाळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले होते. पण मग त्या आठ दिवसांचं नीट सांगा. तुम्ही राहणार कुठे?

आग्रही : वरच्या खोलीत. जिना बाहेरून आहे, न्हाणीघर वेगळं आहे. डबा बाहेरून मागवीन. तिला आधीच सांगून ठेवीन की आठ दिवस मी अजून पोचलोच नाही असं समज.

साशंक : भावजी, वर्षभराने मुलगा आला आहे आणि तो डोक्यावरच्या खोलीत चालतोय, त्याच्या पावलांचा आवाज खाली येतोय. पहिल्याच संध्याकाळी आई चहा घेऊन तो जिना चढतील. त्यांचे गुडघे कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे, तरी चढतील. तेव्हा दार उघडणार का तुम्ही?

आग्रही : तिला फोन करून सांगेन, की वर येऊ नकोस.

साशंक : त्या आल्यावर, विचारते.

आग्रही : ते मला आत्ता सांगता येत नाही.